मूळ चित्र, छापील चित्र आणि आपला खरेपणा

आपल्या देवघरात किंवा बैठकीच्या खोलीत एखादे चित्र असेलच. आज नमस्कार करून झाल्यावर क्षणभर त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहा. हे चित्र कोणी काढले? ते हाताने रंगवलेले आहे की छापलेले? छापलेले असेल, तर मूळ चित्र आज कोठे आहे? बहुतेकांना याचे उत्तर देता येणार नाही. मलाही साठी ओलांडेपर्यंत देता येत नव्हते, आणि द्यावे लागले तेव्हा ते गैरसोयीचे निघाले.

आमचे घराणे चार पिढ्या वडोदऱ्याचे. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून शिक्षक म्हणून येथे आले. आमच्या जुन्या घरात काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये सरस्वतीचे चित्र होते. हातात वीणा, शेजारी मोर. ‘रविवर्म्याची सरस्वती’ असेच सगळे म्हणत. महाराजांनी पणजोबांना दिलेले हे अस्सल चित्र आहे, असे आम्ही ऐकत आलो होतो. पणजीने सरस्वतीच्या पदराला खऱ्या जरीचे काठ लावले होते आणि टिकल्या शिवल्या होत्या. संध्याकाळी समई लावली की पदर चमकायचा.

जुने घर विकायचे ठरले, वाटण्या झाल्या आणि चित्र माझ्या थोरल्या चुलतभावाकडे गेले. पुढच्याच वर्षी वहिनी आजारी पडल्या. उपचारांचा खर्च दादाच्या निवृत्तिवेतनाच्या पलीकडचा होता. तेव्हा साहजिकच त्याला चित्राची आठवण झाली. रविवर्म्याचे मूळ चित्र म्हणजे काय किमतीची वस्तू, हे अधूनमधून वर्तमानपत्रांत येतच असते. आम्ही दोघे ते एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो.

त्याने मागची फळी काढली, कागद अलगद बाहेर घेतला आणि खालची कड आमच्यासमोर धरली. फ्रेमच्या पट्टीखाली इतकी वर्षे दडलेली एक ओळ तेथे इंग्रजी अक्षरांत छापलेली होती : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. दादाचा चेहरा उतरला. व्यापारी मात्र शांतपणे म्हणाला, “त्यात काय एवढं? एवढी पट्टी कापून टाकू, पुन्हा फ्रेम करू. फ्रेम न उघडणारी गिऱ्हाइकं असतात. तुम्ही खोटं बोलूच नका. विचारलं तर एवढंच सांगा, पणजोबांपासून घरात आहे. ते तर खरंच आहे ना?”

मला येथे कबूल केले पाहिजे की मी लगेच ‘नाही’ म्हणाले नाही. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे होता. आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघालो. पुढचे काही दिवस मी खरोखरच विचार केला आणि बरेच वाचले. तेच आपल्यापुढे मांडते आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. राजा रविवर्मा यांचा जन्म 1848 साली त्रावणकोर संस्थानात किळिमानूर येथे झाला. महाराज सयाजीरावांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा तैलचित्रे करून घेतली. राजवाड्यात येण्याआधी ती मुंबईत लोकांना पाहायला ठेवली गेली, तेव्हा दर्शनाला जावे तशी माणसे लोटली. त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवले होते की इतक्या लोकांची मागणी एका माणसाच्या हातून पुरी होणार नाही, निवडक चित्रे छापून घ्यावीत. अखेर 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईला स्वतःचा छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. प्लेगाच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. 1906 मध्ये रविवर्मा गेले, तरी छपाई पुढे कितीतरी वर्षे चालूच होती. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यात काम केले होते.

ही छपाई दगडावरून होई. मराठीत तिला शिळाछाप म्हणतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. मग छपाईची शाई फिरवली की ती फक्त तेलकट रेषांना धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, कधी दहा-बारा, कधी त्याहून जास्त. तोच कागद प्रत्येक दगडावर नेमक्या जागी बसला पाहिजे, नाहीतर डोळा एकीकडे आणि बुबुळ दुसरीकडे. हे दगड रविवर्मा स्वतः तयार करीत नसत. मूळ चित्र पुढे ठेवून ते रंगारंगांत वेगळे करण्याचे काम कुशल कारागीर करीत. सरस्वतीचा चेहरा ठरवला रविवर्म्यांनी, पण आमच्या कागदावर तो उतरवला ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही अशा एखाद्या माणसाने.

आणखी एक गंमत पाहा. या छापांना ओलिओग्राफ म्हणत. छापून झाल्यावर त्यांवर कधी वॉर्निश देत, कधी कापडाचा पोत उमटवत, म्हणजे ते तैलचित्रासारखे दिसावे. प्रतिकृतीला मूळ म्हणून मिरवण्याची हौस संगणकाच्या काळातली नाही. फरक एवढाच की रविवर्मा प्रेस आपले नाव खाली छापत असे. ती ओळ लपवली आमच्याच घरातल्या कोणीतरी, फ्रेम करताना. कदाचित हेतुपुरस्सर नसेलही.

मूळ आणि छाप ओळखायचे कसे, असे आपण विचाराल. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. आजच्या कॅलेंडरवर ते धरा, चार रंगांचे बारीक ठिपके ओळीने मांडलेले दिसतील. शिळाछापीत ठिपके दिसतात, पण हाताने टाकल्यासारखे, लहानमोठे. संगणकाच्या छपाईत शाईचा अतिसूक्ष्म फवारा दिसतो. तैलचित्रात ठिपके नसतात. रंगाचे थर असतात, कुंचल्याच्या केसांच्या खुणा असतात, आणि बदललेला विचारही असतो : बोट आधी येथे होते, मग तेथे नेले. छापात चित्रकाराचा निर्णय पोहोचतो, त्याची चलबिचल पोहोचत नाही. म्हणून मूळ चित्रापुढे उभे राहणे हा निराळा अनुभव आहे. आमच्याच गावात महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेत, सरस्वतीही त्या संग्रहातली. जन्मभर घरी जिला नमस्कार केला तिच्या मूळ चित्राबद्दल कधी चौकशीही केली नव्हती, याची मला लाज वाटली.

येथवर गोष्ट सोपी आहे. अवघड प्रश्न पुढे आहे. आपण म्हणतो, ईश्वर सर्वत्र आहे. शंभर घागरींतल्या पाण्यात सूर्य दिसतो आणि कोणत्याही घागरीत तो उणा नसतो, हा दृष्टान्त सत्संगात अनेकदा दिला जातो. मग छापील सरस्वती आणि रंगवलेली सरस्वती यांत भेद करणारे आपण कोण? व्यापाऱ्याकडून परतताना दादा नेमके हेच म्हणाला होता. “देवीला फरक पडत नाही, तर गिऱ्हाइकाला का पडावा?”

या वाक्याने मी दोन दिवस अडकून पडले होते. नंतर लक्षात आले की यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नमस्कार कोणाला पोहोचतो, हा एक प्रश्न. ही वस्तू कोणी, कशी, केव्हा केली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात कागद आणि कॅनव्हास सारखेच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र भावावर ठरत नाही, घडलेल्या गोष्टींवर ठरते. देवीपुढे दोन्ही चित्रे समान आहेत, हे खरे मानले तर खोटे सांगण्याचे कारणच उरत नाही. ‘फरक नाही’ म्हणणारा माणूस जेव्हा फरकाचेच पैसे मागतो, तेव्हा तो अद्वैत बोलत नसतो, भाव करीत असतो.

ग्रंथांच्या बाबतीत पाहा, तेथे असा प्रश्न येत नाही. ज्ञानेश्वरीची कोणतीही प्रत ज्ञानेश्वरीच आहे. हाताने लिहिलेली असो, छापलेली असो, मोबाइलवरची असो, ‘ही नकली ज्ञानेश्वरी’ असे आपण म्हणत नाही, कारण ग्रंथ शब्दांत असतो आणि शब्द जसाच्या तसा उतरवता येतो. उतरवताना चुका मात्र होतात, म्हणूनच संत एकनाथांना शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तेथे प्रश्न पाठ शुद्ध आहे की अशुद्ध, एवढाच असतो. चित्राचे तसे नाही. चित्र त्या एका पृष्ठभागावर, त्या एका हाताने घडलेले असते, आणि त्याची प्रत काढली की आकार येतो, हात येत नाही. संगीताचे, मूर्तीचे काय, हे आपणच ताडून पाहा. मला तंजावरच्या चित्रांबाबत थोडा घोटाळा वाटतो. तेथे मराठा राजांच्या आश्रयाने वाढलेल्या शैलीत बाळकृष्णाचा तोच साचा पिढ्यान्‌पिढ्या रंगवला जातो, तरी प्रत्येक चित्र मूळच, कारण प्रत्येकावर उठाव आणि सोन्याचा वर्ख नव्याने हाताने चढवलेला असतो. म्हणजे ‘मूळ’ याचा अर्थ ‘नवीन कल्पना’ असा नव्हे.

उलट बाजूही आहे. काही छापच मूळ कलाकृती असतात. चित्रकार स्वतः लाकडावर, धातूच्या पत्र्यावर किंवा दगडावर काम करतो, ठरावीक प्रती काढतो, पेन्सिलीने सही करतो आणि 7/25 असा क्रमांक घालतो, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी सातवी. वडोदऱ्याच्या ललितकला महाविद्यालयाशी जोडलेले ज्योती भट्ट यांचे काम पाहिले तर कळते की हे चित्र मुळात छाप म्हणूनच जन्माला आले, त्याची रंगवलेली ‘अस्सल’ आवृत्ती कोठेच नाही. याउलट आज गॅलरीत ‘फाइन आर्ट प्रिंट’ म्हणून मिळते ते बहुधा तयार चित्राचे छायाचित्र, उत्तम सुती कागदावर टिकाऊ शाईने छापलेले. वस्तू म्हणून ती चांगलीच असते. पण सही आणि क्रमांक असला म्हणजे चित्रकाराने हाताने छापले, असा अर्थ निघत नाही. सही करणे वेगळे आणि काम करणे वेगळे. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक लेपाने कुंचल्याचे फटकारे उमटवलेली देवतांची चित्रेही मिळतात. हात फिरवला की खडबडीत लागतात. घेताना सरळ विचारा, यातले छापलेले किती आणि रंगवलेले किती. प्रामाणिक विक्रेता सांगतो. आढेवेढे घेतले तर समजून घ्या.

आता छापाला कमी लेखणाऱ्यांसाठी थोडे. रविवर्म्यांच्या छापखान्यातून 1894 पासून देवदेवता घरोघर गेल्या. त्याच रविवर्म्यांच्या त्रावणकोरात सर्व हिंदूंना मंदिरांची दारे उघडणारी राजघोषणा झाली 1936 मध्ये. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी उपोषण केले 1947 मध्ये. या मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्या माणसाला देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती, तो बाजारातून एक कागद आणून आपल्या भिंतीवर लावू शकत होता, आणि त्या कागदाच्या व त्याच्या मध्ये कोणी उभे नव्हते. राजवाड्यातले मूळ चित्र हे करू शकले नसते. कलासमीक्षकांनी या छापांना पुष्कळ नावे ठेवली. रंग भडक, चेहरे गोड, हे आक्षेप मला अगदीच चुकीचेही वाटत नाहीत. पण त्या कागदाने केलेले काम त्यांच्या तराजूत मावत नाही.

छाप स्वस्त असतो, सहज मिळतो, आणि यातूनच एक दोष आपल्यात शिरला आहे. तो आपल्या मंडळांतही दिसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने गुरुपौर्णिमेसाठी मोठा फलक केला. त्यावरचे श्रीकृष्णाचे चित्र एका कार्यकर्त्याने मोबाइलवरून घेतले होते. फारच सुंदर होते. कोपऱ्यात चित्रकाराची सही होती, पण फलकाच्या मापात बसत नव्हती म्हणून ती कापली गेली. कार्यक्रमाची छायाचित्रे फिरली आणि चार दिवसांनी एका तरुण चित्रकाराचा फोन आला. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “तीन महिने लागले होते मला. निदान नाव तरी ठेवायचं होतं.” आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, “अहो, देवाचंच काम आहे, आम्ही काही विकलं नाही.” फोन ठेवल्यावर खोलीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

देवाचे काम होते, हे खरे. पण ते काम तीन महिने त्या तरुणाने केले होते आणि आम्ही एका बोटाने उचलले. सत्य आणि अस्तेय यांवर आपण अभ्यासवर्ग घेतो. अस्तेय म्हणजे फक्त दुसऱ्याच्या खिशात हात न घालणे नव्हे. कायदाही येथे स्पष्ट आहे : 1957 च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार मूळ चित्र विकले, तरी लेखी करार नसेल तर त्याच्या प्रती काढण्याचा हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो वारसांकडे असतो. चित्राखाली आपले नाव असावे, हा हक्क तर वेगळाच मानला आहे. म्हणजे रविवर्म्यांचे चित्र आज कोणीही छापू शकतो, पण आपल्या गावातल्या चित्रकाराचे नाही. आम्ही त्या तरुणाची क्षमा मागितली आणि मानधन दिले. त्याने ते घेतले, याचा मला आनंद झाला. नम्रतेने नाकारले असते तर आमची सुटका फार स्वस्तात झाली असती.

दादाचे काय झाले, ते सांगायचे राहिले.

एका सकाळी तो स्वतःच आला आणि म्हणाला, “पट्टी कापायची नाही.” मी काही समजावले नव्हते. त्याला त्या व्यापाऱ्याचे एक वाक्य टोचत होते, ते म्हणजे ‘तुम्ही खोटं बोलूच नका’. खरे बोलून फसवता येते, हे ज्याला इतके सहज सुचते त्याच्या हाती पणजीचे चित्र द्यायला त्याचे मन धजेना. त्याने जुने छाप जमवणारे एक गृहस्थ शोधून काढले. त्यांच्यासमोर कागद उघडा ठेवला, खालची ओळ दाखवली, आणि ‘आम्ही हे मूळ समजत होतो’ हेही सांगून टाकले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. छापापेक्षा ते पदराच्या जरीकडेच अधिक पाहत होते. त्या काळी कितीतरी घरांतल्या बायका छापील देवींना अशी जर, कापड, टिकल्या लावीत, असे त्यांनी सांगितले. हे चित्र कोणी सजवले, ते विचारून त्यांनी पणजीचे नाव लिहून घेतले. रविवर्म्यांच्या छापाच्या प्रती आणखीही असतील, पणजीच्या हाताची ही एकच होती.

किंमत आली ती आमच्या अपेक्षेच्या कितीतरी खाली. उपचारांचा थोडाच भाग तिच्यातून निघाला. उरलेले आम्ही भावंडांनी मिळून उभे केले. त्यासाठी काही दिवस एकमेकांशी कडू बोलणेही झाले. चित्र विकायला नको होते असे माझ्या धाकट्या भावाला अजून वाटते, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

देण्यापूर्वी दादाने चित्राचे चांगले छायाचित्र काढून त्याच मापाचा प्रिंट करून घेतला. छापाचा छाप. या वेळी खालची ओळ फ्रेमच्या बाहेर दिसेल अशी ठेवायला सांगितली. दादाची आई, आमच्या काकू, चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना कमी दिसते, म्हणून आम्ही कोणी काही सांगितले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी समई लावली, हात जोडले आणि तशाच थांबल्या.

“पदर चमकत नाही रे,” त्या म्हणाल्या.

दादाने खाली बसून त्यांना सगळे सांगितले. व्यापाऱ्याचे, पट्टीचे, पैशांचे. काकूंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “आधी सांगायचं होतंस. मी नीट बघून घेतलं असतं.” आणि रोजच्यासारखे फूल वाहिले.